चौदाव्या दिवशी

तेराव्यापर्यंत सगळेच येतात.
पाहुणे, भावकी, सोसायटीचे चेअरमन.
पत्रावळी उचलायलासुद्धा माणूस असतो.
चौदाव्याला सकाळी कडी वाजते
ती आम्ही वाजवलेली.

इरव्वा हंचिनमनी, बेकरीवाली फिलोमिना,
कासारगल्लीतली रुकैया, आणि मी.
मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही.
हळदीकुंकू ठेवत नाही,
तिघींना तसंही कुणी बोलवत नाही.
फिलोमिनाला नवरा आहे.
ती म्हणते, त्याचा मी काय करू, सांगा.

पिशवीत काय असतं:
अंगठ्यासाठी निळं पॅड, खळ, बिस्किटाचा पुडा,
फणी, आणि तळहाताएवढा आरसा.
अर्जाला फोटो लागतो.
तेरा दिवसांत तिनं आरशात पाहिलेलं नसतं.

आजची मथुरा गुरव, जांबोटीकडची.
नवरा कौलांच्या भट्टीवर होता.
ती खानापूरला दोनदा आलीय,
एकदा बाळंतपणाला, एकदा प्रेत न्यायला.
स्टुडिओतल्या पोरानं सांगितलं, जरा हसा.
रुकैयानं त्याच्याकडे असं पाहिलं
की त्यानं मुकाट बटण दाबलं.

तहसील कचेरीत विधवा वेतनाची खिडकी
डावीकडून तिसरी.
अर्ज कानडीत.
इरव्वा एकेका रकान्यावर बोट ठेवते,
कानडीत वाचते, आपल्यात सांगते, कानडीत लिहिते.
गाव. वय. शिक्षण, बरं, नसू दे.
मग नवऱ्याचं नाव.

मथुरा गप्प.
कारकून म्हणतो, हेसरु?
मागची रांग एक पाऊल पुढे सरकते.
मथुरा पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, गुंडाळते,
आणि एकदम, खाली बघत,
"कौलावर कौल, पन्हळीला धार…"

तिथंच थांबली.

सोळा वर्षांत ते नाव तिनं
एवढ्या एकाच वाटेनं घेतलं होतं,
उंबऱ्यावर नणंदा आडव्या, डोक्यावर अक्षता.
दुसरी वाट तिला ठाऊकच नव्हती.
रुकैयाला हसू आलं. मग रडू. मग परत हसू.
कारकुनानं पेन खाली ठेवलं.
जोराग हेळ्री, म्हणाला,
पण हळू आवाजात म्हणाला.

"परशराम," मथुरा म्हणाली.
मग, कुणी विचारलं नसताना, आणखी एकदा.

इरव्वानं लिहिलं.
चाकावरून नुकती उतरलेली मडकी असावीत
तशी ती गोलसर ओली अक्षरं.
मथुरानं विचारलं, हे त्येंचंच?
हात लावू नको, इरव्वा म्हणाली, वाळू दे.

माझ्या चौदाव्याला इरव्वा एकटीच आली होती.
तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी.
दारातून म्हणाली, ऊटा आतेनव्वा?
काही कळलं नाही म्हणून मी मान हलवली.
चुलीपाशी बसून तिनं भाकऱ्या थापल्या,
माझ्या पिठाच्या, माझ्या तव्यावर,
आणि मी खाईपर्यंत हलली नाही.
पाटीवर कोणती भाषा वर, यावरून
बेळगावात दगड उडाले, बशी बंद झाल्या,
त्या आठवड्यातही आली होती.
उशिरा आली. चालत.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.
बोलायला भाषा आली तोवर
दुसऱ्याच कुणाचं चौदावं आलं होतं.

परतीच्या बशीत मथुरा खिडकीशी.
नखांत भट्टीची लाल माती अजून आहे,
त्याच्या कपड्यांची असेल, धुताना शिरलेली.
आता कुठं जाणार, तिनं विचारलं.
बुधवारी हलशीला, एक पोर आहे, बावीस वर्षांची.
तिला कानडी येतंय?
नाही.
मग म्हणाली, बुधवारी भात झोडायचाय.
बराच वेळ काही नाही.
मलप्रभेचा पूल गेला.
"सकाळचं झोडून येतो."
आमच्याकडे बाया येतो म्हणतात,
येते म्हणणारी पाव्हणी समजावी.

आरसा तिच्याकडेच राहिला.
फिलोमिना म्हणाली, दर वेळी एक जातो.
रविवारच्या बाजारात
दहा रुपयाला मिळतो.